शेपटीखालचा आकडा

आमच्या घरावरून बाजाराचा रस्ता जातो. दिवाळीच्या आगेमागे कापूस निघू लागला की त्या रस्त्याच्या दोन्ही कडांच्या बाभळी पांढऱ्या होतात. भरल्या गाड्यांवरून उडालेला कापूस काट्यांना धरून राहतो तो थेट होळीपर्यंत. बैलगाड्या गेल्या, ट्रॅक्टर आले, पण बाभळींची खोड काही गेली नाही. येणाऱ्याजाणाऱ्याचं काहीतरी ओढून ठेवल्याशिवाय त्या राहत नाहीत. लोकांना हा हंगाम आवडतो. घराघरांत सोयरिकीच्या गोष्टी निघतात, पोरं सरकीच्या ढिगावर उड्या मारतात, एरवी तोंड न उघडणारी माणसंही चार शब्द बोलतात. मला तो आवडत नाही. त्याचं कारण एका शब्दात मावण्याइतकं लहान आहे.

परवा दिवे मंद झाले म्हणून वायरमन आला होता. खांबाकडे बघून म्हणाला, "आजी, मांगं कोणीतरी तारेवर आकडा टाकून राह्यला. म्हणून तुमच्या इकडे उजेड नाई."

"आकडा लय वाईट, बाबा," मी म्हटलं.

मी वीजचोरीबद्दल बोलते आहे असं त्याला वाटलं. खूश होऊन त्याने मान हलवली. या शब्दाचं असंच आहे. बोलणारा एक बोलतो, ऐकणारा दुसरंच ऐकतो, आणि दोघंही समाधानाने आपापल्या घरी जातात.

माझं लग्न याच शब्दावरून जमलं आणि याच शब्दावरून मोडता मोडता राहिलं. स्थळ नाचणगावचं होतं. सांगून आलेला माणूस माझ्या वडिलांना म्हणाला, "पोरगा लढाईत होता. इमानाले आकडे लावे." इमान म्हणजे आमच्या बोलीत विमान. आईने आत चुलीपाशी हे ऐकलं आणि कपाळाला हात लावला. आकडे लावणारा म्हणजे सट्टेबाज. मुंबईच्या कापसाच्या भावावर आकडा लावून घरदार घालवलेली माणसं आमच्या गावात होती. जुगाऱ्याला पोरगी देणार नाही, असं तिने साफ सांगितलं. मग वडील चौकशीला शेजारच्या पुलगावला, पोराच्या कामावर जाऊन आले आणि हसत हसत म्हणाले, "अवं, तसे आकडे नाई. इमानायवर नंबर राह्यते न, ते रंगवे तो. अक्षर चांगलं असन." आमच्या घरात तेव्हा अक्षराला देवापेक्षा जास्त मान होता. मी चौथी पास होते आणि नवराही लिहिणारा मिळतो आहे म्हणून जरा मिरवलेच.

लग्नानंतर पाहिलं तर ह्यांचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. दोनचा आकडा तर असा काढायचे की तो बसला आहे की पडला आहे ते कळू नये. तरी सगळं नाचणगाव ह्यांना आकडेवाला सुखदेव म्हणे. कोणाच्या खासरावर, म्हणजे बैलगाडीवर, नंबर टाकायचा असला, कोणाला दारावर साल लिहायचं असलं, तर रंगाचा डबा घेऊन माणूस आमच्याकडे येई. पुलगावच्या एका जिनिंगमध्ये ह्यांना कामही तेच मिळालं होतं. सरकी काढलेला कापूस दाबून त्याच्या गाठी बांधायच्या, आणि त्या गाठींवर ह्यांनी काळ्या रंगाने नंबर काढायचे. संध्याकाळी घरी येत तेव्हा भुवयांवर कापसाची लव आणि नखांत काळा रंग असे. मी विचारी, "इमानावरही असेच दोन काढत होते का?" ते नुसते हसत. ते हसू ओठांच्या कडेलाच संपे. लाजतात बिचारे, असं मी समजे.

मी सांगते आहे तो हंगाम छप्पन सालचा. त्या वर्षी दसऱ्याला आमची सगळी वस्ती पांढरे कपडे घालून पुलगावहून रेल्वेने नागपूरला गेली. पांढरं लुगडं माझ्याकडे नव्हतं. दिराचं जुनं धोतर नीळ घालून नेसले होते. डब्यात पाय ठेवायला जागा नव्हती आणि कोणाची त्याबद्दल तक्रारही नव्हती. परत आलो ते दुसरीच माणसं होऊन आलो. हे मी उगाच म्हणत नाही. सासूबाईंची मान पाटलाच्या वाड्यासमोरून जाताना आपोआप खाली जायची, ती त्या दिवशी गेली नाही. घरी आल्यावर त्यांनी कोनाड्यातले देवांचे टाक उचलले, पदरात बांधले आणि वर्धा नदीत सोडून आल्या. कोनाडा रिकामा राहिला तर त्यात लगेच तेलाची बुधली ठेवली. जागा वाया घालवणं त्यांना पटत नसे.

पण जुनी सवय काही नदीत सोडता येत नाही. नाचणगावच्या शिवारात आमचा एक तुकडा होता, त्यात कपाशी फुटली. पहिल्या वेचणीच्या दिवशी शेतात दहीभात ठेवायचा, ते आमच्याकडचं सीतादही. सकाळी सासूबाईंनी हातासरशी दहीभात कालवला, केळीच्या पानावर घेतला, शेताच्या कडेला गेल्या आणि तिथे थबकल्या. पान हातात, आणि ठेवायचं कोणापुढे? मी जरा लांबून बघत होते. बराच वेळ त्या तशाच उभ्या होत्या. मग धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसल्या आणि म्हणाल्या, "ये वं सूनबाई. भुकेच्या पुढं ठेवू. ते तं हाये अजून." आम्ही दोघींनी तो दहीभात तिथेच खाल्ला. इतका गोड दहीभात मी पुन्हा खाल्ला नाही. त्या हंगामातलं तेवढं एक सुख माझ्या ओटीत आहे, म्हणून ते आधी सांगून घेतलं.

रोज दिवेलागणीला आम्ही दौलतकाकांच्या अंगणात कडुनिंबाखाली जमत असू. दौलतकाका वस्तीतले वडीलधारे. लिहिता-वाचता येणारे, आवाज खणखणीत. वंदना त्यांनी पाठ केली होती आणि आता ती सगळ्यांच्या तोंडी बसवायचा ध्यास त्यांनी घेतला होता. आधी तीन वेळा शरण जायचं, मग पाच शीलं म्हणायची. मी हिंसा करणार नाही, चोरी करणार नाही, वाईट वागणार नाही, खोटं बोलणार नाही, दारू पिणार नाही. शब्द पालीतले, आमच्या जिभेला नवे. म्हाताऱ्या बायका ते असे चावून चावून म्हणत की हसू यावं आणि डोळे भरून यावेत. बाया एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला, मध्ये कंदील. ह्यांचा चेहरा मला समोरच दिसे.

तिथेच माझ्या लक्षात आलं. तिन्ही शरणं ते मोठ्याने म्हणत. पुढच्या शीलांनाही आवाज असे. पण पहिलं शील आलं, पाणातिपाता हा शब्द आला, की ह्यांचे ओठ मिटत. एक दिवस मला वाटलं खोकला असेल. दुसऱ्या दिवशी वाटलं विसरले असतील. मग रोजच तसं होऊ लागलं. सगळं अंगण एका तोंडाने म्हणतंय, मी मारणार नाही, आणि त्यात एक तोंड बंद.

माझ्या लक्षात आलं ते इतरांच्याही येणारच. विहिरीवर बाया बोलू लागल्या. "सुखदेवभाऊचं मन अजून जुन्यातच दिसते," एक म्हणाली. दुसरी म्हणाली, "घरात बकरं कापत असन कुठच्या देवाले, म्हणून ते शील म्हणत नाई." मी भांडून आले, पण भांडणाने काही मिटलं नाही. वस्ती एकदिलाने उभी राहिली होती. त्या रांगेत एक माणूस मागे राहतो आहे आणि तो आपला नवरा आहे, हे मला सहन होईना. मी त्यांना विचारलं, "काऊन नाई म्हणत ते? येत नाई का?" ते म्हणाले, "म्हणीन." आणि रंगाचा डबा घेऊन कामाला गेले.

मग ते कळलं एका फाटक्या कापडामुळे. कापूस वेचताना बाया कमरेला एक कापड बांधतात आणि बोंडं त्यात टाकत जातात. माझं कापड जुनं, विरलेलं होतं, म्हणून त्या सकाळी मी त्याला नवी मजबूत नाडी लावली होती. दुहेरी दोरा, टाक्यावर टाका. जिनिंगला सुट्टी होती म्हणून हेही वेचायला आले होते. दुपारी कापड भरलं, मी बांधावरून उतरत होते आणि नाडी बाभळीच्या एका खुंटात अडकली. मी आपल्या वजनाने पुढे गेले. टर्र आवाज झाला. नाडी खुंटाला तशीच, तिच्यासोबत कापडाचा एक तुकडा, आणि बाकी सगळं कापड कापसासकट खाली मातीत.

मी कापूस गोळा करता करता म्हटलं, "पाहा, टाका कसा टिकला. कापड गेलं, पण टाका नाई सुटला."

आणि वर पाहिलं. हे धुऱ्यावर बसले होते. त्या खुंटावरच्या नाडीकडे बघत होते. चेहऱ्यावर रक्त नव्हतं.

"असंच झालं व्हतं," ते म्हणाले.

"काय झालं व्हतं?"

"त्या इमानाचं. मी लावलेला आकडा नाई सुटला. इमान तुटलं."

आकडा कसा सुटेल, असं मी विचारणार होते. रंगवलेला नंबर सुटतो कसा? मग त्यांनी तर्जनी वाकडी करून दाखवली, विहिरीतून बादली काढायच्या गळासारखी, आणि इतक्या वर्षांची चूक माझ्या ध्यानात आली. मला हसू आलं. सट्ट्याचा आकडा, अक्षराचा आकडा, आणि हा निघाला लोखंडाचा. मी हसले आणि ह्यांच्याकडे बघून ते हसू तसंच गिळलं.

ते सांगत गेले, मी ऐकत गेले. लढाई समुद्रावर गेली होती आणि समुद्रावर उडायला विमानं पुरत नव्हती. समुद्रासाठी वेगळं विमान बांधावं लागतं, अंगापिंडाने भक्कम. तेवढा धीर कोणाला? पी हळद अन् हो गोरी. जमिनीवरची लढाऊ विमानं होती, तीच घेतली. चपळ होती, हलकी होती, लांबच लांब मैदानावर उतरायची त्यांना सवय. जहाजावर मैदान कुठलं? म्हणून जहाजाच्या पाठीवर आडव्या तारा ताणायच्या आणि विमानाच्या शेपटीखाली एक आकडा लावायचा. विमान उतरताना आकडा खाली सोडायचा, तो तारेत अडकला की धावतं विमान गचकन थांबतं. दक्षिणेकडे एका बंदराजवळ ते काम चाले आणि हे तिथे फिटर होते. साहेब लोक त्याला हूक म्हणत. गावी आल्यावर कोणी विचारलं तर ह्यांनी आपल्या बोलीत सांगितलं, इमानाले आकडे लावत होतो.

"आकडा लावणं सोपं हाये," ते म्हणाले. "पण वढ बसते ते हाडाले. अन् हाडं जमिनीची."

मी विचारलं, "मंग तसे इमान धाडत काऊन होते?"

"लढाई होती न."

जणू त्यात सगळं आलं. त्यांनी असंही सांगितलं की काही मालवाहू जहाजांवर तर उतरायची सोयच नसे. नुसतं पुढून विमान फेकायचं, गोफणीतून दगड फेकतात तसं. लढून झालं की वैमानिकाने समुद्रात उडी टाकायची आणि कोणी काढलं तर काढलं. ते साहेबांकडून ऐकलेलं होतं. "त्यायचं बरं," ते म्हणाले. "त्यायले जाताखेपीच माहीत राहे, वापस येणं नाई." लढाईचा असा राग मला त्याआधी कधी आला नव्हता. ज्याचं जे नाही ते त्याच्याकडून करून घ्यायचं, मोडलं की दुसरं आणायचं. विमान काय आणि माणूस काय.

त्या दिवशी ह्यांना जहाजावर नेलं होतं, काही ढिलं झालं तर आवळायला. वैमानिक एक गोरा पोरगा. मिसरूडही धड फुटली नव्हती. विमानात चढायच्या आधी तो शेपटीपाशी आला, वाकून आकड्याला हात लावला आणि ह्यांना विचारलं, "टिकेगा?"

हे म्हणाले, "टिकेगा, साब."

तो हसला आणि गेला. घिरट्या घालून परत आला, खाली उतरला, आकडा तारेत बसला. पहिल्याच तारेत, अगदी जसा बसायला हवा तसा. आणि विमानाचं शेपूट तारेपाशी राहिलं. आकडा शेपटीला घट्ट, शेपूट तारेला घट्ट. पुढचं सगळं विमान शेपटीवाचून आडवं वळलं, बाजूच्या काठावरून खाली गेलं. पाणी वर उडालं ते जहाजाच्या पाठीवर पडलं. पोरगा सापडला नाही.

"आकडा सुटला असता तं?" मी विचारलं.

"सुटला असता तं सरळ गेला असता अन् पुढं जाळी होती. तिच्यात घुसला असता. नाक फुटलं असतं, हात मोडला असता." मग ते म्हणाले, "काम कच्चं केलं असतं तं वाचला असता."

चौकशी झाली. मोठा साहेब आला, शेपूट उलटंपालटं करून पाहिलं, ह्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, काम अच्छा था, हूक नहीं छूटा. ह्यांच्या आयुष्यात साहेबाच्या तोंडून मिळालेली ती पहिली आणि शेवटची शाबासकी. आमच्या जातीच्या माणसाच्या पाठीवर तोवर कोणी साहेबाने हात ठेवला नव्हता. ते सांगताना ह्यांनी खांदा असा झटकला की तो हात अजून तिथेच आहे.

मी कापूस मातीतून वेचत राहिले. दुसरं काय करणार? काडीकचरा काढून काढून एकेक पुंजका साफ करायचा आणि फाटक्या कापडात टाकायचा. त्या दुपारी मला कळलं की आमच्या घरात भिंतीला एकही आकडा का नाही. छत्री कोपऱ्यात उभी, पिशव्या जमिनीवर, कंदील पाटावर. टांगायला काही ठोकू दिलं नव्हतं त्यांनी. आणि हेही कळलं की गाव आकडेवाला म्हणतं तेव्हा ते गप्प का बसत. नंबर रंगवणाऱ्याने कोणाला मारलेलं नसतं.

त्याच हंगामात आमच्यावर आभाळ कोसळलं. ज्यांनी हाताला धरून आम्हाला त्या दिवशी नागपूरला नेलं, तेच थंडीच्या दिवसांत गेले. वेचणी तशीच टाकून माणसं घरात बसली. शेताशेतांत कापूस फुटून लोंबत होता, वाऱ्याने उडत होता, आणि कोणी त्याला हात लावत नव्हतं. रडणं थांबलं तेव्हा दौलतकाकांनी सगळ्यांना अंगणात बोलावलं. त्यांचा खणखणीत आवाज बसला होता. ते म्हणाले, "आता आपल्यापाशी त्यायचं काय हाये? हे पाच बोल हायेत. पौर्णिमेले एकेकानं इथं उभं राहून म्हणून दाखवाचे. लेकराबाळासकट. कोणी राह्यलं नाई पायजे."

मी घरी येऊन ह्यांना म्हटलं, "दौलतकाकाले सांगा. मले सांगितलं तसंच." ते नाही म्हणाले. मग मीच काकांना विचारलं, नाव न घेता, वडीलधाऱ्याला विचारावं तसं, की हातून कोणाचा जीव गेला असेल त्याने ते पहिलं शील म्हणावं का. दौलतकाका शहाणा माणूस. म्हणाले, "मागचं मागं, बाई. शील पुढच्यासाठी राह्यते. यापुढं करणार नाई, एवढंच त्यात हाये." मला केवढा धीर आला. मी पळतच घरी गेले आणि ह्यांना ते जसंच्या तसं सांगितलं. ह्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"बरोबर हाये त्यायचं," ते म्हणाले. "पण पुढं जावाले आकडा सुटाले पायजे. तो सुटून नाई राह्यला."

पौर्णिमेला अंगण भरलं. लहान लहान पोरं धडाधड म्हणून गेली. सासूबाईंनी शब्द चावत चावत का होईना, पाचही म्हटली आणि ताठ मानेने खाली बसल्या. माझं झालं. मग ह्यांची पाळी. मी पदराचं टोक मुठीत घेतलं होतं. मला एवढंच हवं होतं की त्यांनी तो एक शब्द उच्चारावा. खरा नाही उमटला तरी चालेल, नुसता तोंडातून बाहेर पडावा, म्हणजे ते आमच्यात येतील आणि उद्यापासून आम्ही चारचौघांसारखे जगू. त्यांनी हात जोडले. तिन्ही शरणं म्हटली. मग पहिला शब्द आला आणि ओठ हलले, पण आवाज निघाला नाही. लोक वाट बघत होते. कोणीतरी खाकरलं.

दौलतकाका हळूच म्हणाले, "म्हण, सुखदेव."

ह्यांनी हात खाली सोडले. "मले येत नाई, काका," ते म्हणाले. "पाठच होत नाई."

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. दौलतकाकांच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते म्हणाले, "त्यायनं आपल्यासाठी जीव झिजवला, सुखदेव. अन् तुले एक ओळ पाठ होत नाई?" ह्यांनी मान खाली घातली आणि जागेवर येऊन बसले. आजूबाजूचे दोघे किंचित सरकले. तेवढी रिकामी जागा मला अजून दिसते.

घरी येताना मी चिडले होते. "तुमी खोटं बोलले," मी म्हटलं. "चौथं शील मोडलं."

"हो," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला मी समोर बसून पाहत होते. पहिल्या शीलाला ओठ मिटले, रोजच्यासारखे. दुसरं म्हटलं, तिसरं म्हटलं. चौथं आलं आणि ओठ पुन्हा मिटले. पाचवं म्हटलं. इतर कोणाच्या ते ध्यानात आलं नाही. मी रागात बोलले होते आणि त्यांनी ते हिशेबात धरलं होतं. पुढे आयुष्यभर ते तीनच शीलं म्हणत राहिले.

वस्तीने ह्यांना टाकलं नाही, हेही सांगायला हवं. राग महिनाभरात ओसरला. माणूस मनाने जुना नाही, डोक्याने मंद आहे, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं, आणि मंद माणसावर कोणी रागवत नाही. पोरं शिकवायला येऊ लागली. संध्याकाळी हे जिनिंगमधून आले की दोन-तीन पोट्टे ओट्यावर हजर. "काका, म्हणा माह्या मांगं. पा. पाणा. पाणाति." हे त्यांच्यासमोर मांडी घालून बसत, कान देऊन ऐकत आणि म्हणत, "पाह्यजो, उद्या येईन मले." ती पोरं मोठी झाली, त्यांची पोरं आली. काकाचे आजोबा झाले. एवढ्या वर्षांत किती गुरू झाले असतील ह्यांचे. आमच्या वस्तीत अजूनही कोणाची गाडी सुरुवातीलाच अडली की म्हणतात, सुखदेवभाऊची पहिली ओळ झाली. प्रेमाने म्हणतात. मीही ऐकून घेते. खरं सांगायची मोकळीक मला त्यांनी दिली नव्हती. आता ते नाहीत, आणि मी इथे लिहिते आहे.

शेवटच्या आजारात त्यांचं बोलणं गेलं. ओठ तेवढे हलत. मी तोंडाशी कान नेला. मला वाटलं, आता तरी. लोभ सुटत नाही माणसाचा. ते म्हणत होते, "टिकेगा, साब."

तोही कापसाचाच हंगाम होता. दारावरून भरल्या गाड्या जात होत्या.

शेजारची प्रज्ञा सात वर्षांची आहे. रविवारी विहारात जाते आणि तिथे शिकवलेलं मला येऊन ऐकवते. काल ती माझ्या पायरीवर बसून बाभळीचा कापूस बोटांनी पिंजत होती. एकदम म्हणाली, "आजी, माह्या आजोबानं लहानपणी सुखदेव आजोबाले पहिली ओळ शिकवली होती म्हणे. तरी त्यायले शेवटपर्यंत आली नाई का?"

"येत होती," मी म्हटलं. "साऱ्या वस्तीत त्यायलेच येत होती."

तिला ते पटलं नाही. तिने माझ्याकडे नीट पाहिलं. म्हातारीलाही येत नसावी, असं तिला वाटलं असणार. तिने कापूस बाजूला ठेवला, हात जोडले आणि सावकाश, शब्द तोडून तोडून ती ओळ म्हटली. मग म्हणाली, "आता तुमी म्हणा."

मी हात जोडले. तोंड उघडलं. समोरच्या बाभळीवर कापूस अडकला होता, वाऱ्याने ताणला जात होता आणि काही केल्या सुटत नव्हता.

"म्हणा न, आजी," ती म्हणाली.